'गिव्ह अप'मधलं देणं कुठे गेलं?

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात एका मुलीने नोकरीच्या अर्जाचा कच्चा मसुदा तपासायला आणला. शिक्षण मराठी माध्यमात, मग बी.कॉम., हिशेबात पक्की. अर्जाचं शेवटचं वाक्य होतं, 'आय विल गिव्ह अप माय बेस्ट.' तिला म्हणायचं होतं, मी माझं सगळं कसब पणाला लावीन. कागदावर उतरलं होतं, माझ्यात जे उत्तम आहे ते मी सोडून देईन.

मी विचारलं, "इथे 'अप' का घातलंस?"

ती म्हणाली, "मॅडम, 'ईट' म्हणजे खा आणि 'ईट अप' म्हणजे सगळं खाऊन टाक. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. मग 'गिव्ह' म्हणजे दे, तर 'गिव्ह अप' म्हणजे सगळं देऊन टाक, असंच होणार ना?"

तिच्या तर्कात मला खोट काढता येईना. तो तर्क बरोबरच आहे आणि या शब्दाच्या जन्माच्या वेळी तो खराही होता. मधल्या काळात अर्थ सरकला, आणि तो कसा सरकला हे एकदा दिसलं की 'गिव्ह अप'चे सगळे उपयोग एकाच धाग्यात बसतात. शब्दकोशात त्याचे दहा-बारा अर्थ ओळीने दिलेले असतात. ते पाठ करून परीक्षेपुरते राहतात, बोलताना आठवत नाहीत. म्हणून इथे मी त्याचा प्रवास सांगणार आहे.

इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट, इन, अवे असा एखादा चिमुकला शब्द चिकटतो आणि दोघं मिळून तिसराच अर्थ देतात. याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे परक्यांना जड जातं ही तक्रार आजची नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहून ठेवलं आहे की क्रियापदाच्या मागे असे शब्द जोडण्याची इंग्रजीची रीत परदेशी माणसाला सगळ्यात अवघड वाटते. तिथे त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'गिव्ह ओव्हर' आहे, अर्थ थांबणे. म्हणजे 'गिव्ह'मधून देण्याचा अर्थ निसटून जातो, हे तेव्हाही लोकांना कोड्यात टाकत होतं.

पण मराठी माणसाला हे इतकं परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे हीच करामत दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीने होते. 'वाचलं' आणि 'वाचून काढलं' यांत फरक आहे. दुसऱ्यात पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपलेलं आहे. मराठी शिकणारा एखादा परदेशी विचारेल, "काढलं? कशातून काढलं?" आपण काय सांगणार? कशातूनच नाही. 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतही फरक आहे. दुसरा माणूस कदाचित उभाच असेल, पण बोलल्याचा त्याला पश्चात्ताप होतो आहे. 'खाऊन टाक' म्हणताना कुणी काही फेकत नाही. टाकणे, काढणे, बसणे, घेणे, जाणे, देणे ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी उभी राहिली की आपला मूळ अर्थ बाजूला ठेवतात आणि नुसती छटा देतात. काम संपलं, हातून निसटलं, स्वतःसाठी केलं, नको ते झालं.

इंग्रजीतलं 'अप' बऱ्याचदा आपल्या 'टाकणे' किंवा 'काढणे'सारखं वागतं. हंडा भरताना पाणी वर वर चढतं आणि काठाला पोचलं की भरणं संपतं, त्याला 'फिल अप' म्हणतात. 'वर' या अर्थातून 'पूर्ण' हा अर्थ कसा आला ते त्या हंड्यात दिसतं. मग 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणे, 'ड्राय अप' म्हणजे आटून जाणे. माझ्या विद्यार्थिनीने हेच सूत्र पकडलं होतं.

आता मराठीत 'गिव्ह अप'ला सगळ्यात जवळचा शब्द कोणता? 'सोडून देणे'. त्यात 'देणे' आहे! 'त्याने नोकरी सोडून दिली.' कुणाला दिली? कुणालाच नाही. आपल्याही वाक्यात देणं आहे आणि घेणारा नाही. दोन भाषा, एकमेकींपासून हजारो मैलांवर वाढलेल्या, आणि दोघींनी सोडण्याची गोष्ट सांगताना देण्याचाच शब्द हाताशी धरला. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते.

इंग्रजीत हा घेणारा एके काळी होता. इंग्लंडमधल्या पीटरबरो इथल्या मठात एक बखर लिहिली जात होती. तिच्यात ११३७ सालच्या नोंदीखाली राजा स्टीफनची हकीगत आहे. सॉल्झबरीचे बिशप रॉजर, लिंकनचे बिशप अलेक्झांडर आणि राजाचा चान्सलर यांना त्याने कैदेत टाकलं, ते त्यांनी आपले किल्ले देऊन टाकेपर्यंत. तिथे नेमका हाच शब्द आहे. 'गेव्ह'चं तेव्हाचं रूप 'य'च्या उच्चाराने सुरू होतं, पण शेजारी 'अप' आजच्यासारखंच उभं आहे आणि पुढे किल्ले आहेत. म्हणजे मूळ चित्र असं की माझ्या हातात काहीतरी आहे, समोर ते मागणारा उभा आहे, आणि मी ते पुरतं त्याच्या हवाली करतो. 'सगळं देऊन टाक' हा त्या मुलीचा अर्थ इथे जसाच्या तसा लागू पडतो.

पुढे काय झालं ते दोन पायऱ्यांत समजून घेता येतं. आधी वाक्यातून घेणारा गेला. किल्ला सोडला एवढंच उरलं, कुणाला दिला ते महत्त्वाचं राहिलं नाही. घेणारा नसला तरी चालतं म्हटल्यावर, कुणीच घेऊ शकणार नाही अशा गोष्टीही याच क्रियापदाने सोडता येऊ लागल्या. आशा, सवय, सिगारेट, गाणं शिकणं. मग दुसऱ्या पायरीवर ती सोडलेली वस्तूही गेली. 'आय गिव्ह अप.' काय सोडलं? प्रयत्नच सोडला.

या दोन्ही पायऱ्या एका वाक्यात दाखवायच्या तर आपल्या इतिहासाइतकं चांगलं उदाहरण मला सुचत नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांशी झालेल्या या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले आणि बारा हाती राहिले. हे इंग्रजीत सांगताना म्हणता येईल, 'शिवाजी महाराज गेव्ह अप ट्वेंटी-थ्री फोर्ट्स.' आणि त्याच दमात पुढे, 'बट ही डिड नॉट गिव्ह अप.' पहिल्या 'गिव्ह अप'च्या मागे वस्तू आहे, म्हणून अर्थ स्वाधीन केले. दुसऱ्याच्या मागे काहीच नाही, म्हणून अर्थ हार मानली नाही. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड परत आला, त्यानंतर पुरंदरही. किल्ले सोडणं आणि हिंमत सोडणं यांत जे अंतर आहे, ते इंग्रजीत फक्त मागून येणारा शब्द असण्या-नसण्याने दाखवलं जातं.

तेव्हा 'गिव्ह अप' दिसलं की आधी त्याच्या मागून काय येतं ते बघा. अर्थ तिथे आहे.

मागून वस्तू किंवा हक्क आला, तर ती गोष्ट आधी तुमच्या ताब्यात असते आणि तुम्ही तिच्यावर पाणी सोडता. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय स्त्री बसमधून घरी निघाली होती. गोऱ्या प्रवाशासाठी उठायला त्यांनी नकार दिला. इंग्रजीत हा प्रसंग कायम एकाच शब्दांत सांगितला जातो. त्यांनी आपली सीट 'गिव्ह अप' करायला नकार दिला. नुसतं 'गिव्ह' म्हटलं असतं तर सीट देणं हा शिष्टाचार वाटला असता, आजीला आपण जागा देतो तसा. 'अप'मुळे कळतं की ती जागा त्यांची होती आणि ती त्यांच्याकडून सोडवून घेतली जात होती.

आपल्या घरात हा शब्द आणखी एका वाटेने आला. २७ मार्च २०१५ रोजी केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरचं अनुदान स्वखुशीने सोडण्याचं आवाहन सुरू केलं. त्या मोहिमेचं नावच 'गिव्ह इट अप' होतं. एक कोटीहून जास्त ग्राहकांनी अनुदान सोडलं. गॅसच्या नोंदणीमुळे हे तीन शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसांपर्यंतही पोचले, आणि अर्थ कुणाला विचारावा लागला नाही, कारण काय सोडायचं आहे ते समोर होतं.

त्या नावात व्याकरणाचा एक नियमही दडलेला आहे. 'गिव्ह इट अप'च का, 'गिव्ह अप इट' का नाही? सोडायची वस्तू नामाने सांगितली तर ती दोन्ही जागी चालते. 'शी गेव्ह अप द जॉब' बरोबर, 'शी गेव्ह द जॉब अप'ही बरोबर. पण 'इट', 'देम', 'हिम' असं सर्वनाम आलं की ते मधेच बसायला हवं. याचं कारण ऐकण्याशी आहे. इंग्रजी वाक्यात शेवटच्या जागेवर जोर पडतो आणि तिथे नवी, वजनदार गोष्ट शोभते. 'इट' ही आधीच बोलून झालेली, हलकी गोष्ट, तिला शेवटचा मान मिळत नाही. म्हणून ती मधे सरकते आणि जोर 'अप'वर येतो. मोठ्याने म्हणून बघा. इंग्रज माणूस तीन शब्द वेगळे म्हणत नाही, 'गिव्हिटप' असं एका दमात म्हणतो आणि आवाज शेवटी चढतो. आपली मुलं 'गिव्ह'वर जोर देतात आणि 'अप' गिळतात. मग ऐकणाऱ्याला नुसतं देणंच ऐकू येतं.

सवयीकडे वळू, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. सवय सोडली म्हणताना 'गिव्ह अप'च्या मागे क्रियापदाचं 'इंग' लागलेलं रूप येतं. 'माय फादर गेव्ह अप स्मोकिंग.' बरीच मुलं 'गेव्ह अप टु स्मोक' लिहितात. खरं तर मराठीत विचार केला तर ही चूक होऊच नये. आपण म्हणतो, 'बाबांनी सिगारेट ओढणं सोडलं.' 'ओढणं' हे क्रियापदाचं नाम झालेलं रूप आहे, आणि 'स्मोकिंग'ही तेच. 'णं'च्या जागी 'इंग', एवढं लक्षात ठेवलं तरी काम होतं.

दुसरी चूक मराठीमुळेच होते. 'मी चहा सोडला' याचं इंग्रजी 'आय लेफ्ट टी' असं केलं जातं, कारण सोडणे म्हणजे 'लीव्ह' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण 'लेफ्ट टी' ऐकून समोरच्याला वाटेल की कपात चहा उरला. आपलं 'सोडणे' फार मोठ्या पोटाचं क्रियापद आहे. मुलाला शाळेत सोडतो, नळाला पाणी सोडतात, दोरी सोडतो, गाव सोडतो, राग सोडतो, आणि उपास सोडतो. यातल्या प्रत्येकाला इंग्रजीत वेगळा शब्द लागतो. उपासाचं तर विशेष सांभाळा. 'उपास सोडला' म्हणजे वेळ झाली, नैवेद्य दाखवला आणि जेवलो. इंग्रजीत त्याला 'ब्रेक द फास्ट' म्हणतात. 'आय गेव्ह अप माय फास्ट' म्हटलंत तर अर्थ होईल, उपास झेपला नाही म्हणून मधेच मोडला. निर्जळी एकादशी नीट पार पाडलेल्या बाईवर त्या वाक्याने अन्याय होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठीत 'दारू सोडली' आणि 'दारू सुटली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात माणसाचा निश्चय आहे, दुसऱ्यात ते घडून आलं आहे. 'गिव्ह अप' फक्त पहिल्यासाठी. त्यात नेहमी माणसाची इच्छा असते, आणि बऱ्याचदा थोडा त्रासही. पंढरीच्या वाटेवर गळ्यात माळ घातली आणि मटण सोडलं, हे 'गेव्ह अप मीट'. काशीला जाऊन आवडीचं फळ किंवा भाजी सोडतात, तेही 'गेव्ह अप'. नावडतं कारलं सोडलं तर इंग्रज माणूस 'स्टॉप्ड ईटिंग' म्हणेल, 'गेव्ह अप' म्हणताना जरा थबकेल. आवडीचं असल्याशिवाय या शब्दाला गंमत नाही.

कायमचंच सोडायला हवं असंही नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास पाळताना कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं. ख्रिस्ती लोकांच्या लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात, हाच भाव असतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत त्या दिवसांत एकमेकांना विचारतात, 'व्हॉट आर यू गिव्हिंग अप फॉर लेंट?' यंदा काय सोडणार? आपल्याकडे आजी सुनेला विचारते तोच प्रश्न. चातुर्मासाबद्दल इंग्रजीत सांगायची वेळ आली, तर 'शी गिव्हज अप ब्रिंजल फॉर चातुर्मास' हे वाक्य लंडनच्या शेजारणीला लगेच समजेल. भाषांतर करताना ज्या जागी दोन संस्कृती आपोआप जुळतात, त्यांतली ही एक.

मागून काहीच आलं नाही, तर अर्थ हार मानली. कोडं घालताना आपण विचारतो, "हरलास?" आणि समोरचा म्हणतो, "हरलो, सांग आता." इंग्रजी मुलं तिथे म्हणतात, 'आय गिव्ह अप.' आपल्या बोलण्यात हाच एक अर्थ पूर्ण रुळला आहे. 'गिव्ह अप नको करूस', 'मी तर गिव्ह अप केलं' अशी मिश्र वाक्यं कॉलेजात सतत कानावर येतात. त्यात वाईट काही नाही. फक्त मराठीत येताना या शब्दाने एकच अर्थ सोबत आणला आणि बाकीचे तिकडेच राहिले. त्यामुळे 'गेव्ह अप हिज सीट' वाचताना आपली मुलं त्याने हार मानली असं काहीतरी समजतात.

इथे 'गिव्ह इन'शी गोंधळ होतो, आणि तो इंग्रजी बोलणाऱ्यांनाही होतो. विन्स्टन चर्चिल यांनी २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो या आपल्या जुन्या शाळेत मुलांपुढे भाषण केलं. भित्तिपत्रकांवर त्यांच्या नावाने 'नेव्हर गिव्ह अप' छापलेलं दिसतं. त्या दिवशीचे त्यांचे गाजलेले शब्द होते, 'नेव्हर गिव्ह इन'. फरक साधा आहे. 'गिव्ह अप'मध्ये माझा प्रयत्न थांबतो. समोर कुणी असायलाच हवं असं नाही, डोंगर चढताना दमलो तरी 'गिव्ह अप'. 'गिव्ह इन'मध्ये समोर दाबणारा असतो आणि मी त्याच्यापुढे नमतो. मूल दुकानात खेळण्यासाठी लोळण घेतं आणि शेवटी बाबा पाकीट काढतात, तेव्हा बाबा 'गेव्ह इन'. १९४१ मध्ये समोर हिटलर होता, म्हणून चर्चिल यांचा शब्द अचूक होता. पुढे त्यांनी एक अपवादही जोडला, सन्मान आणि शहाणपण यांच्यापुढे तेवढं नमावं. 'इन'मध्ये कुणापुढे तरी नमणं आहे, म्हणूनच तो अपवाद त्या वाक्यात बसला. 'अप'ला तो जोडताच आला नसता.

रोझा पार्क्स यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हे दोन्ही शब्द किती वेगळे आहेत ते दिसतं. लोक म्हणत, त्या दिवशी त्या दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, शरीर दमलेलं नव्हतं, मी दमले होते ती 'गिव्हिंग इन'ला, म्हणजे सतत नमतं घ्यायला. सीट 'गिव्ह अप' करायची नाही, कारण आता 'गिव्ह इन' करायचं नाही. एका बसमध्ये दोन्ही क्रियापदं भेटतात.

मराठीत हे दोन अर्थ आपण वाक्प्रचारांनी वेगळे ठेवतो. नांगी टाकली, नमतं घेतलं, मान तुकवली, हे 'गिव्ह इन'कडे झुकतात. हात टेकले, नाद सोडला, हे 'गिव्ह अप'कडे. घरावर तुळशीपत्र ठेवलं, हे 'गिव्ह अप'चं सगळ्यात टोकाचं रूप, जिथे सोडणारा स्वखुशीने सगळं सोडतो. बाकीच्या भावंडांचं झटपट सांगते. 'गिव्ह अवे' म्हणजे वाटून टाकणे, किंवा गुपित फोडणे. 'गिव्ह आउट' म्हणजे पुरवठा संपणे किंवा पाय गळून जाणे.

'अ‍ॅबंडन', 'रिनाउन्स', 'सरेंडर' हे भारदस्त शब्द असताना इंग्रजी माणूस 'गिव्ह अप' का म्हणतो? १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चाललं. हे शब्द त्या वाटेने आले. 'गिव्ह' आणि 'अप' मात्र चुलीपाशी बोलले जाणारे. आपल्याकडे 'परित्याग केला' आणि 'सोडून दिलं' यांत जे अंतर आहे तेच. करारात 'सरेंडर' लिहा, मैत्रिणीला पत्र लिहिताना 'गिव्ह अप' लिहा.

दोन-तीन खास प्रयोग आवर्जून ओळखून ठेवा. 'गिव्ह अप द घोस्ट' वाचून मुलं भुताची गोष्ट शोधतात. इथे 'घोस्ट' म्हणजे आत्मा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूने क्रुसावर प्राण सोडला तिथे हे शब्द आहेत. आजकाल ते यंत्रांबद्दल जास्त ऐकू येतात. 'अवर फ्रिज गेव्ह अप द घोस्ट', आपण म्हणतो, 'फ्रिजने राम म्हटला.'

'गिव्ह इट अप फॉर' हे कार्यक्रमातल्या निवेदकाचं. 'गिव्ह इट अप फॉर अवर डान्सर्स!' म्हटल्यावर काही सोडायचं नसतं, जोरदार टाळ्या वाजवायच्या असतात. गॅसच्या मोहिमेतले तेच तीन शब्द, मागे एक 'फॉर' आला आणि अर्थ पार उलटा झाला. हातचं राखून न ठेवता द्या, असा तो भाव.

'गिव्ह वनसेल्फ अप' हे पोलिसांच्या बातम्यांत येतं. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप', तो स्वतःहून ठाण्यात हजर झाला. इथे बाराव्या शतकातलं जुनं चित्र अजून शिल्लक आहे, घेणारा समोर उभा आहे. पण त्याच रचनेत मागे काम किंवा कला आली की अर्थ उजळतो. 'शी गेव्ह हरसेल्फ अप टु म्युझिक', तिने स्वतःला संगीताला वाहून घेतलं. माझ्या विद्यार्थिनीला हे मी दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझा अर्थ कुठेतरी आहे." आहेच. अर्जात मात्र आम्ही 'अप' काढून 'आय विल गिव्ह इट माय बेस्ट' ठेवलं. अर्ज वाचणाऱ्याला थबकायला लागू नये.

शेवटचा प्रयोग 'गिव्ह अप ऑन'. याच्या मागे माणूस येतो, किंवा एखादं स्वप्न, आणि 'ऑन' आल्यावर सर्वनाम मधे जात नाही, शेवटीच राहतं. 'गेव्ह हिम अप' आणि 'गेव्ह अप ऑन हिम' यांत फार फरक आहे. पहिल्यात तिने त्याला सोडलं, नातं संपवलं, किंवा पोलिसांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्यात तो अजून तिच्या घरातच असेल, रोज तिच्या हातचं जेवत असेल, पण याचं काही होईल ही आशा तिने सोडली आहे. माणूस सोडलेला नाही, त्याच्याबद्दलचा विश्वास सोडला आहे.

याचं मराठी करायला मी दर वर्षी वर्गाला सांगते. 'माय मदर नेव्हर गेव्ह अप ऑन मी.' दर वर्षी नवीन उत्तरं येतात. 'आईने माझी आशा सोडली नाही' हे अर्थाला बरोबर आहे, पण आजारपणातलं वाटतं. 'आईने माझा नाद सोडला नाही' यात आई पाठीमागे लागल्यासारखी होते. 'आईचा माझ्यावरचा विश्वास ढळला नाही' हे नीट आहे, पण पुस्तकी. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो दोनदा दहावीला बसला होता, वहीत लिहिलं होतं, 'सगळ्यांनी हात टेकले, आईने नाही टेकले.' मी ते फळ्यावर लिहिलं आणि इतरांना उतरवून घ्यायला सांगितलं.